कंपनीचा स्टिरिओ ठेवून १२ इंची सबवूफर: वायरिंग, बॉक्स, गेन (स्विफ्ट २०१९)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल. स्टिरिओ कंपनीचाच आहे आणि तोच ठेवायचा आहे. सामान असं आहे:

सबवूफर १२ इंची, ड्युअल व्हॉइस कॉइल (दोन कॉइल) ४+४ ओहम, आरएमएस (सतत सोसेल अशी ताकद) ३०० वॅट. अ‍ॅम्प क्लास डी मोनोब्लॉक, ४ ओहमला ३०० वॅट आणि २ ओहमला ५०० वॅट, अंगावर २५-२५ चे दोन फ्यूज. सोबत '१५०० वॅट' छापलेलं ४ गेजचं वायरिंग किट. बॉक्स अजून केलेला नाही.

विचारायचं ते असं. हे किट चालेल का? स्टिरिओला आरसीए (अ‍ॅम्पला सिग्नल देणारे सॉकेट) नाही आणि रिमोटची (अ‍ॅम्प चालू-बंद करणारी) वायरही नाही, मग सिग्नल कुठून घ्यायचा? डिकी मुळात २६८ लिटरची, त्यात बॉक्स केवढा बसवावा? आणि गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) नेमका कुठे ठेवायचा? कारण जो तो 'कानाने लाव' एवढंच सांगतो.

तारतम्य

किटपासून सुरुवात करू, कारण पुढची निम्मी दुखणी तिथूनच निघतात.

किटवर छापलेल्या वॅटला काडीचा अर्थ नाही. वायरचं टोक सोला आणि एक तार ब्लेडने खरवडा. आतून लालसर निघाली तर तांबं, रुपेरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, म्हणजे सीसीए. सीसीएची वहनक्षमता शुद्ध तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच असते. दुसरं, इन्सुलेशन जाड देऊन वायर गुबगुबीत दाखवायची पद्धत आहे. खऱ्या ४ गेजमध्ये तांब्याचं क्षेत्रफळ २१ चौरस मिमी भरतं, म्हणजे तारांचा नुसता जुडगा ६ मिमीच्या आसपास जाड हवा. तो बोटाने दाबून मोजा, वरचं प्लास्टिक मोजू नका.

आता हिशोब. तुमचा अ‍ॅम्प पूर्ण ५०० वॅटला चालला आणि कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ६२५ वॅट लागतील, १३.८ व्होल्टला ४५ अँपिअर. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर साधारण ५ मीटर. खऱ्या तांब्याच्या ४ गेजमध्ये एवढ्या प्रवाहाला ०.१८ व्होल्ट पडतात. त्याच मापाच्या सीसीएत ०.३ च्या आसपास. आणि किटमधली वायर प्रत्यक्षात ८ गेजची सीसीए निघाली, जी बऱ्याचदा निघते, तर ०.७ व्होल्टच्या वर. मग बेसच्या प्रत्येक ठोक्याला अ‍ॅम्प उपाशी राहतो आणि लोक म्हणतात सबवूफरमध्ये दम नाही.

किट सीसीए असेल तर त्यातलं फ्यूज होल्डर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि जाळी वापरा, पॉवर आणि ग्राउंडची (गाडीच्या पत्र्याला जोडायची उणे) वायर बदला. इलेक्ट्रिकलच्या दुकानात २५ चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते, लवचिक असते. ती पण खरवडून घ्या, वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनियमचीही विकली जाते.

मिलिव्होल्ट

फ्यूजचं मी सांगतो. मेन फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, अ‍ॅम्पच्या नाही. अ‍ॅम्पचे फ्यूज त्याच्या अंगावर आहेत. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कसलंच रक्षण नसतं. तिथे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर विझवायला काही उरत नाही. तुमच्या अ‍ॅम्पचे मिळून ५०, तेव्हा मेनला ५० किंवा ६०. 'जळायला नको' म्हणून १०० चा घालू नका, विशेषतः वायरच्या खरेपणाची खात्री नसेल तेव्हा.

कामाचा क्रम असा ठेवा. १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि बाजूला कापडात गुंडाळून ठेवा. वायर ओढा, सगळी जोडणी करा. होल्डरमध्ये फ्यूज सगळ्यात शेवटी घाला. तो घालताना बारीक ठिणगी पडली तर घाबरू नका, अ‍ॅम्पमधले कपॅसिटर भरत असतात. मोठी ठिणगी पडून वायर गरम लागली तर तिथेच थांबा.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) वायर नेताना नवीन भोक पाडू नका. कंपनीची वायरिंग जिथून आत येते तिथे मोठा रबरी ग्रोमेट असतो. त्याच्या कडेला सुईएवढं छिद्र पाडा, कपड्याच्या हँगरची सरळ केलेली तार त्यातून घाला, वायर तिला टेपने बांधून आत ओढा. उघड्या पत्र्याच्या भोकातून नेलेली वायर गाडीच्या थरथराटाने काही महिन्यांत सोलली जाते. इंजिनकडच्या सगळ्या लांबीवर खाचांचा फ्लेक्झिबल पाइप चढवा आणि एक्झॉस्टच्या बाजूला जाऊ देऊ नका. पॉवर एका बाजूच्या उंबरठ्याखालून, सिग्नल दुसऱ्या बाजूच्या. आणि पिवळे कनेक्टर किंवा पिवळी टेप दिसेल तिथे हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन.

तारतम्य

ग्राउंडकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जागा अ‍ॅम्पपासून ४५ सेंटिमीटरच्या आत आणि गाडीच्या मूळ सांगाड्याच्या पत्र्यावर हवी. नुसता स्पॉट वेल्डने चिकटवलेला ब्रॅकेट चालत नाही. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका, तो ठरावीक टॉर्कला आवळलेला असतो आणि जीव त्याच्यावर अवलंबून असतो. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे, म्हणून तिथे ड्रिल करणं म्हणजे आत्मघात. डिकीत मागच्या सीटच्या पाठीमागचा आधीपासूनचा बोल्ट बघा.

जागा ठरली की लगच्या आकाराएवढा गोल पॉलिश पेपरने घासा. आधी वरचा रंग जातो, मग करडा प्रायमर दिसतो आणि तिथेच बहुतेकजण थांबतात. प्रायमर वीज वाहून नेत नाही. आरशासारखा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. कापडाने पूड पुसा. पत्र्यावर दातेरी स्टार वॉशर, त्यावर लग, त्यावर साधा वॉशर आणि नट, असं घट्ट आवळा. मग उघड्या राहिलेल्या कडांवर रंगाचा हात द्या, नाहीतर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि पुढच्या वर्षी आवाजात घूं घूं येते.

लग क्रिंप करताना सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत. चार तारा बाहेर राहिल्या म्हणून कापून टाकल्या तर वायर तेवढी बारीक झाली. हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने मिळतो. पकडीने चेपलेला लग हाताने ओढला तर फिरतो, आणि फिरणारा लग तापतो.

मिलिव्होल्ट

एक भर. गाडीला आयडल स्टॉप किंवा स्मार्ट हायब्रिड असेल तर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा करंट सेन्सर असतो. अ‍ॅम्पचा ग्राउंड थेट त्या खुंटीवर कधीही आणू नका, सेन्सरचा हिशोब चुकतो आणि चार्जिंग बिघडतं. बॉडीलाच द्या. इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, काम फक्त तिच्यावर. नारिंगी केबलच्या आसपास फिरकायचं नाही.

कृष्णाकाठ

वायर खरवडली, रुपेरी निघाली. २५ चौमिमीची घेतो. सिग्नलचं सांगा.

तारतम्य

अ‍ॅम्पला हाय लेव्हल इनपुट असणार, चार तारांचा छोटा सॉकेट. त्यात मागच्या दोन स्पीकरच्या तारा जातात, डावा अधिक-उणे आणि उजवा अधिक-उणे. स्टिरिओमागे लागणारा तयार कपलर बाजारात मिळतो, तो मध्ये घातला की मूळ वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीवरून वादही होत नाही. कापून वळसे मारून टेप गुंडाळणं टाळा, डॅशच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो.

स्पीकरची उणे तार बॉडीला जोडू नका. हल्लीच्या स्टिरिओत दोन्ही तारांवर जमिनीच्या मानाने साधारण ६ व्होल्ट डीसी असतो. एक ग्राउंड केली तर स्टिरिओचा आयसी जाऊ शकतो. हाच डीसी ओळखून बरेच अ‍ॅम्प आपोआप चालू होतात, त्यावर 'ऑटो' किंवा 'डीसी सेन्स' असा खटका असतो. खटका असेल तर रिमोट वायर लागतच नाही.

नसेल तर १२ व्होल्ट सॉकेटच्या फ्यूजवर फ्यूज टॅप लावून रिमोट घ्या. आधी मल्टिमीटरने बघा की चावी काढल्यावर तिथला व्होल्ट शून्य होतो. कायम चालू असलेल्या लाइनवर रिमोट दिला तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो. नुसता जागा राहून तो अर्धा ते एक अँपिअर ओढतो, आणि ३५ एएचची बॅटरी दीड-दोन दिवसांत स्टार्टरला पुरत नाही.

आणि फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं सेटिंग. सिग्नल मागच्या स्पीकरवरून घेतला की फेडर पुढे ढकलल्यावर सब मंदावतो. ट्यूनिंगच्या आधी फेडर मध्यावर ठेवा आणि नंतर हलवू नका.

डग्गा

बॉक्सवर मी बोलतो. स्विफ्टसारख्या हॅचबॅकमध्ये सीलबंद बॉक्सच घ्या असं माझं स्पष्ट मत. बंद काचांच्या छोट्या गाडीत साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली दाब आपोआप वाढत जातो, आणि सीलबंद बॉक्सचा आवाज जिथून उतरायला लागतो तिथेच हा दाब त्याला उचलून धरतो. पोर्टवाला (हवेसाठी नळी ठेवलेला) बॉक्स जास्त जोरात वाजतो हे खरं, पण तो दीडपट-दुप्पट मोठा लागतो आणि ट्यूनिंग फ्रिक्वेन्सीच्या (ज्या स्वराला ती नळी जुळवलेली असते त्याच्या) खाली कोनला आतल्या हवेचा आधार राहत नाही.

१२ इंचीला साधारण १ क्युबिक फूट, म्हणजे २८ लिटर हवा. तुमच्या सबच्या कागदावर दुसरा आकडा असेल तर कागदाचं ऐका. आतलं माप ३६ × ३६ × २३.५ सेंमी घेतलं तर ३०.५ लिटर होतात. सबचं चुंबक आणि बास्केट २ लिटर खातात, उरले २८. फळी १८ मिमी जाडीची धरली तर बाहेरून ३९.६ × ३९.६ × २७.१. डिकीतले ४२ लिटर जातील, वजन एमडीएफमध्ये साधारण १० किलो अधिक सबचं ५-७ किलो.

सुतार बऱ्याचदा १२ मिमीचा बोर्ड वापरून स्वस्तात देतो. बॉक्सच्या भिंती थरथरल्या की बेस गुळमुळीत होतो आणि ठोक्याची धार जाते. १८ च घ्या, आणि ज्या फळीवर सब बसतो ती दोन थरांची केली तर उत्तम (मग आतली खोली तेवढी वाढवा). जोड फेविकॉल आणि दर १० सेंमीला स्क्रू असा. आतून कोपऱ्यांवर गोंदाची जाड रेघ ओढा, पूर्ण वाळू द्या, किमान एक दिवस. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं तर त्याची वाफ पूर्ण उडून जाईपर्यंत सब बसवू नका, ती धातूला गंज चढवते.

दर्यावर्दी

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक सूचना. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे एमडीएफ एका पावसाळ्यात कडेने फुगतं आणि स्क्रूची पकड सुटते. तिथे आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय १८ मिमी घ्या. महाग पडतो, पण टिकतो. कापलेल्या कडा आधी रंगाने किंवा गोंदाने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं.

डग्गा

अगदी बरोबर, धन्यवाद.

बॉक्स हवाबंद आहे का ते तपासायची सोपी पद्धत. सब बसवून ३० हर्ट्झचा टोन मंद आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक जोडावरून सावकाश फिरवा. जिथे गळती आहे तिथे धुराची रेघ एका लयीत थरथरते. सबच्या कडेच्या गॅस्केटभोवती आणि मागच्या टर्मिनलभोवती जास्त वेळ धरा, दहातल्या आठ गळत्या तिथेच सापडतात. कागदी कोनच्या जवळ उदबत्ती नेऊ नका.

आत उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस पाव ते अर्धा किलो सैल पसरला तर बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो. चुंबकामागचं हवेचं छिद्र झाकलं जाता कामा नये.

तोंड मागच्या दाराकडे, दारापासून १०-१५ सेंमी. बॉक्स पट्ट्याने किंवा एल अँगलने बांधा. अचानक ब्रेक लागला की १६ किलोची वस्तू सीटच्या पाठीवर येते.

कृष्णाकाठ

कॉइल समांतर जोडू की एकापुढे एक?

मिलिव्होल्ट

४+४ समांतर म्हणजे २ ओहम, एकापुढे एक म्हणजे ८ ओहम. ४ ओहम यातून निघतच नाही. ८ ला तुमचा अ‍ॅम्प दीडशे वॅटच्या आसपास देईल. २ ओहमला जोडा, पण मग अ‍ॅम्पची ताकद ५०० आणि सबची सहनशक्ती ३००. गेन अ‍ॅम्पच्या नाही, सबच्या आकड्याला लावायचा.

जोडण्याआधी दिशा तपासा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, सेलचा अधिक कॉइलच्या अधिकला असेल तर कोन बाहेर येतो. दोन्ही कॉइल वेगवेगळ्या तपासा. एक उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींशी झगडतात, आवाज जवळपास येत नाही आणि कॉइल तापत राहते.

आता गेन. सूत्र साधं आहे: व्होल्ट म्हणजे वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५ व्होल्ट.

सबच्या तारा अ‍ॅम्पमधून काढा. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा साइन टोन ० डीबीचा, वेव्ह फाइल. ब्लूटूथवरून नको, फोनचा आवाज मध्ये येतो. स्टिरिओचं बेस, ट्रेबल, लाउडनेस शून्यावर. अ‍ॅम्पवर बेस बूस्ट ० वर, लो पास (वरचे स्वर अडवणारा फिल्टर) सर्वात वर, सबसॉनिक (फार खालचे स्वर अडवणारा) सर्वात खाली, गेन सर्वात कमी. दारातल्या स्पीकरचा हा टोन कानाला त्रास देतो आणि त्यांनाही, तेव्हा मागेपुढे न करता काम अर्ध्या मिनिटात उरका. इंजिन चालू ठेवा, म्हणजे व्होल्ट १३.८-१४ राहतो. स्टिरिओचा आवाज कमाल पातळीच्या पाऊण भागावर न्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, प्रोब अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला. गेन हळूहळू वाढवा, २४.५ आला की थांबा. नखाने किंवा मार्करने खूण करा.

साधा चारशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर ५० हर्ट्झला पुरतो, कारण घरची वीजही त्याच फ्रिक्वेन्सीची असते.

डग्गा

कानाने लावणाऱ्यांच्या बाजूने थोडं बोलतो. मीटरचा आकडा म्हणजे कुंपण आहे, जागा नाही. त्याच्यावर जायचं नाही एवढंच तो सांगतो. गाण्याशी जुळवताना गेन बहुतेक वेळा त्या खुणेच्या बराच खाली येतो.

मिलिव्होल्ट

मान्य. माझं वाक्य अपुरं होतं. खूण ही कमाल मर्यादा.

आणि बेस बूस्टला खरोखरच हात लावू नका. १२ डीबी बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला सोळापट वॅट मागणं. अ‍ॅम्पकडे ते नसतात, लाटेची टोकं कापली जातात आणि चौकोनी लाट तयार होते. तेवढ्याच उंचीच्या साइन लाटेपेक्षा चौकोनी लाट दुप्पट शक्ती वाहते. कॉइलला थंड व्हायला वेळ मिळत नाही, आधी जळक्या व्हार्निशचा वास येतो, मग कोन हाताने दाबला की आत खरखरतं. सब बहुतेक वेळा 'जास्त वॅट'ने मरत नाही, कापलेल्या लाटेने मरतो.

तारतम्य

फिल्टर. लो पास ८० हर्ट्झ हे पुस्तकी उत्तर. पण तुमच्या स्टिरिओत दारातल्या स्पीकरसाठी हाय पास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) नसेल तर तेही खालपर्यंत वाजत राहतात, आणि ८० ते १२० च्या पट्ट्यात दोघांचा आवाज एकावर एक चढून पुरुषाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो. तेव्हा ७० पासून सुरू करा. सीलबंद बॉक्सला सबसॉनिक २० च्या आसपास किंवा बंद. पोर्टवाल्यांनी तो ट्यूनिंगच्या थोडा खाली ठेवावा, ३५ हर्ट्झला जुळवलेला बॉक्स असेल तर २८-३०, नाहीतर कोन उगाच मोकाट हलतो.

दारातल्या ४ ओहमच्या स्पीकरला स्वस्तातला हाय पास द्यायचा तर ४०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अधिक तारेत टाका, १०० हर्ट्झच्या खाली उतार लागतो. १०० मायक्रोफॅरडचे चार नॉन-पोलर समांतर जोडले की झालं. साधा पोलर इलेक्ट्रोलिटिक चालत नाही. आणि अ‍ॅम्पचा सिग्नल कपॅसिटरच्या आधी घ्या. नंतर घेतला तर ज्यासाठी सब लावला तोच बेस सिग्नलमधून गाळून मग अ‍ॅम्पला देता.

फेज (सब आणि दारातले स्पीकर एकाच लयीत हलण्याची जुळणी) शेवटी. ड्रायव्हर सीटवर बसा, ७० हर्ट्झचा टोन लावा, दुसऱ्याला मागे ० आणि १८० चा खटका बदलायला सांगा. ज्यात आवाज मोठा येतो तो बरोबर. बाहेर उभं राहून किंवा डिकी उघडी ठेवून लावलेली फेज कामाची नाही, दार बंद झालं की सगळं बदलतं.

डग्गा

पातळी लावायला मी तीन गोष्टी वापरायला सांगतो.

तंबोरा. काळी एकला जुळवलेल्या तंबोऱ्याचा खरज साधारण ६९ हर्ट्झचा, पण त्याचा नाद बहुतेक सगळा जवारीतून वरच्या स्वरांत असतो. तंबोरा लागल्यावर सब जवळपास गप्प असला पाहिजे. गाडी घुमायला लागली तर पातळी जास्त आहे किंवा लो पास वर आहे.

तबल्याचा एकल, विलंबित. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐका. ती एकसलग चढली पाहिजे. मधेच एका जागी ठणकन फुगत असेल तर तिथे दारातले स्पीकर आणि सब एकमेकांवर चढताहेत; लो पास ५-५ हर्ट्झने खाली आणा. मधेच पोकळी आली तर फेज उलटी.

बेस गिटारची सर्वात खालची तार, ४१ हर्ट्झ. प्रत्येक सूर वेगळा ओळखू आला पाहिजे. सगळे सूर एकच धुम्म वाटले तर बॉक्स गळतोय किंवा हलतोय.

सब पाठीमागून ऐकू येता कामा नये. ढोलकीची थाप डॅशवर वाजल्यासारखी वाटली की पातळी जमली.

दर्यावर्दी

डिकीत सीएनजीची टाकी असणाऱ्यांनी काय करायचं? मोठा बॉक्स शक्यच नाही.

तारतम्य

सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब, ८ इंची, उंची ७ ते १० सेंमी, अ‍ॅम्प आतच. घेण्याआधी सीट पूर्ण पुढे-मागे आणि खाली करून मोकळी उंची मोजा, मागच्या एसीची नळी सीटखालून जात असेल तर ती बघा. १२ व्होल्ट सॉकेटवरून पॉवर घेऊ नका, तो १०-१५ अँपिअरचाच असतो. बॅटरीवरून ६ चौमिमी तांब्याची वायर आणि २० चा फ्यूज पुरतो, तरी सबच्या कागदावरचा फ्यूजचा आकडा बघून घ्या. टाकीच्या ब्रॅकेटला ग्राउंड नको, गॅसच्या नळीला वायर बांधायची नाही आणि तिच्या आसपास ड्रिल नाही. ३० हर्ट्झची खोली त्यातून मिळत नाही, ४०-४५ पर्यंतचा नेटका बेस मिळतो. आमच्या मते रोजच्या ऐकण्याला तेवढा पुरतो.

कृष्णाकाठ

जोडणी झाली. दोन अडचणी. आवाज वाढवला की ठोक्यावर अ‍ॅम्पचा लाल दिवा लागून क्षणभर बंद पडतो. आणि ४०-५० च्या टोनला मागून पत्र्याची खरखर. हेडलाइटही किंचित मंद होतात, कपॅसिटर लावू का?

मिलिव्होल्ट

कपॅसिटर आधी नको. तो वीज तयार करत नाही, आणि बहुतेक वेळा दुखणं वायरच्या टोकांना असतं.

सब जोडलेला ठेवून ५० हर्ट्झचा टोन मोठ्याने वाजवा, फक्त पाच-सात सेकंद. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलला, दुसरा लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ च्या आत हवं. मग तसंच पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, तिथे फ्यूज होल्डर धरून ०.३ पर्यंत ठीक. ओहमवर मोजू नका, एवढा कमी रोध साध्या मीटरला दिसत नाही, प्रोबचाच रोध मोजला जातो.

कृष्णाकाठ

पॉझिटिव्ह बाजू ०.२१. ग्राउंड ०.४८.

मिलिव्होल्ट

मग ग्राउंडच. लग काढा, खालचा पत्रा बघा. करडा दिसतोय की चकचकीत?

कृष्णाकाठ

करडा. शिवाय बोल्टखाली रबरासारखा सीलंट होता. पुन्हा घासून स्टार वॉशर घातला, आता ०.०७. लाल दिवा गेला, हेडलाइटही स्थिर.

तारतम्य

छान. खरखर शोधायला २० पासून ८० हर्ट्झपर्यंत हळू चढणारा टोन लावा आणि बाहेर उभं राहून एकेक भाग हाताने दाबा. आधी नंबर प्लेट. तिच्यामागे फोमची दुहेरी टेप. मग डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक, क्लिपांभोवती कापडी टेप. मग पार्सल ट्रेचे कान, मग स्टेपनीखालचे जॅक-पाने, ते जुन्या टॉवेलात गुंडाळा. त्यानंतरही पत्रा गुंजला तर डिकीच्या दाराच्या आत ब्युटाइल शीट (थरथर दाबणारी चिकट रबरी शीट). सगळा पत्रा झाकायची गरज नाही, मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पाव ते तृतीयांश भाग पुरतो. रोलर दाबून फिरवा, नुसती चिकटवलेली शीट उन्हाळ्यात लोंबते.

डग्गा

गेन खुणेच्या किती खाली आला?

कृष्णाकाठ

टोन लावून पुन्हा मोजला तर १६ व्होल्ट. लो पास ६५, फेज १८०. तंबोऱ्याला सब गप्प आहे, डग्ग्याची मींड सलग चढते.

मिलिव्होल्ट

१६ व्होल्ट म्हणजे २ ओहमला १२८ वॅट. एवढ्याने गाडी भरते, बाकीचे वॅट ठोक्याच्या टोकासाठी राखीव. सब काही दिवस वाजल्यावर ग्राउंडचा नट आणि अ‍ॅम्पचे पॉवर टर्मिनलचे स्क्रू एकदा पुन्हा आवळा, तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात आणि पहिल्या महिन्यात पकड थोडी सैल होते. आवळल्यावर ग्राउंडचा ०.०७ परत मोजा आणि आकडा अ‍ॅम्पच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर तोच आकडा ताडून बघता येईल.